खरवडलेले चौदा थर

कुरणे एजंटानं मला तीनदा बजावलं होतं, मावशी, भिंतींचं वाचन करून घेऊ नका. मी करून घेतलं. माझा स्वभावच तसला. कुणी करू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात, आणि मग निस्तरत बसते.

घर विकायला काढलं होतं. मिरजेत स्टेशनच्या मागच्या गल्लीत माझं चार खोल्यांचं घर आहे. १९९६ ते २०१८ अशी तेवीस वर्षं मी तिथं पाळणाघर चालवलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, इथं गल्लीगल्लीत सिस्टर राहतात. त्यांच्या ड्युट्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या, आणि पोरं सगळी मालनमावशीकडं. माझा नवरा लग्नानंतर सहाव्या वर्षी गेला. मूलबाळ झालं नाही. लोक म्हणायचे, मालन मगदूमला देवानं एक दिलं नाही म्हणून पन्नास दिली. म्हणायला काय जातंय. ती पन्नास संध्याकाळी आपापल्या आयांच्या कडेवर बसून निघून जायची, आणि मी एकटी चटया गोळा करायचे.

आता २०४३ साल आहे आणि मी पंच्याहत्तरची आहे. खरं सांगायचं तर एकटेपणानं माझा जीव विटला आहे. घरात बोलणारा एकच, तो म्हणजे फ्रिज. दूध संपत आलंय, मागवू का, असं विचारतो. मी त्याला हो म्हणते आणि वर दोन वाक्यं जास्तीची बोलते. आज ऊन फार आहे वगैरे. त्याला दुधापलीकडं काही कळत नाही, पण मी बोलते.

माझी ही गत एकट्या तस्नीमनं ओळखली. तस्नीम पटवेगार, शमीम सिस्टरची मुलगी. सहा महिन्यांची असताना माझ्याकडं आली आणि सहा वर्षांची होईपर्यंत होती. बाकीची पोरं मोठी झाली, पांगली. दिवाळीला त्यांचे मेसेज येतात, तेही मशीननं लिहिलेले, माझं नाव तेवढं बदललेलं. ही एकटी दर रविवारी फोन करायची. साताऱ्यात तिचं शिलाईचं दुकान आहे. लग्नाला सात वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता, आणि यंदा एकतिसाव्या वर्षी दिवस राहिले. तिसरा महिना लागला तसं म्हणाली, "मावशी, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालची खोली रिकामी झालीय. घर विकून टाक आणि इकडं ये. मला तू सांभाळलंस, आता माझं बाळ पण तूच सांभाळ. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

मी फोन ठेवला आणि पदर तोंडाला लावून रडले. आनंदानंच. मग तोंड धुतलं आणि कुरणेला फोन केला.

घर विकायचं म्हणजे हल्ली एक फॉर्म भरावा लागतो. सहा वर्षांपूर्वी तसा कायदा आला. जुन्या घराच्या रंगात शिसं असेल तर विकणाऱ्यानं ते घेणाऱ्याला लेखी सांगायचं. पूर्वी ऑइलपेंटात शिसं घालायचे. रंग उठून दिसायचा, लवकर वाळायचा, ओल्या फडक्यानं कितीही पुसला तरी निघायचा नाही. पुढं त्याच्यावर बंदी आली, पण बंदी आली म्हणून भिंतीवरचा रंग काही उठून जात नाही. तर त्या फॉर्मवर दोन चौकोन असतात. एक, मला माहिती आहे. दुसरा, मला माहिती नाही.

"दुसऱ्यावर खूण करा आणि मोकळ्या व्हा," कुरणे म्हणाला. "माहिती असून लपवणं गुन्हा आहे, मावशी. माहिती नसणं गुन्हा नाही. म्हणून तर कुणी मशीन लावून वाचन करून घेत नाही. आमच्या धंद्यात याला आंधळी खरेदी म्हणतात. घेणारा पण खूश असतो, कारण त्याला एकदा कळलं की उद्या विकताना त्याला सांगत बसावं लागणार."

म्हणजे कायदा केला लोकांना कळावं म्हणून, आणि झालं काय, तर सगळा गाव डोळे मिटून बसला.

मला ते पटेना. तेवीस वर्षं मी ते घर लखलखीत ठेवलं होतं. मुलांच्या खोलीत जमिनीपासून चार फूट पिवळ्या ऑइलपेंटचा पट्टा, कारण पोरांचे वरणाचे हात भिंतीला लागणारच, आणि ऑइलपेंट पुसता येतो. दर मे महिन्यात जुना पट्टा पत्र्यानं खरवडायचा, वरून काचपेपर मारायचा, आणि नवा हात द्यायचा. रंगारी कधी लावला नाही, सगळं मी स्वतः केलं. सिस्टर लोक म्हणायच्या, मावशी, आमच्या वॉर्डापेक्षा तुमची खोली स्वच्छ. असलं घर मी आंधळं विकू? मी काय लपवतेय का कुणापासून? कुरणेला म्हटलं, आणा ते मशीन, कळू द्या सगळ्यांना.

*

मशीन घेऊन कोल्हापूरहून प्रतिभा कोरे नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी त्यांना आधी पोहे खायला लावले, कारण मला माणूस मिळालं होतं. त्यांनी मुकाट्यानं खाल्ले आणि पिशवीतून इस्त्रीएवढं यंत्र काढलं. त्याला थरवाचक म्हणतात. मला सगळं समजलं पाहिजे असा माझा हट्ट, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं.

आपल्याला दिसतो तो सगळ्यात वरचा रंग. त्याच्याखाली मागच्या सगळ्या वर्षांचे रंग एकावर एक बसलेले असतात, चपातीच्या पदरांसारखे. यंत्र आत किरण सोडतं आणि प्रत्येक पदरात शिसं किती आहे ते मोजतं. पण त्याची खरी करामत पुढंच आहे. खाणीतलं शिसं वितळवून वेगळं काढलं की त्यात किरणोत्सारी जातीचं शिसं अगदी थोडं उरतं, आणि ते दर बावीस वर्षांनी निम्मं होत जातं. ते किती शिल्लक आहे हे मोजलं की रंग कधीचा ते कळतं. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा लागायची, आणि तरी पाच-सहा वर्षांची चूक निघायची. आता हे यंत्र भिंतीला टेकवलं की साल सांगतं.

कोरेबाईंनी यंत्र टेकवलं. पडद्यावर रेघा उमटल्या.

"मावशी, रंग किती वेळा दिलात?"

"तेवीस वेळा. एकही उन्हाळा चुकला नाही." मी तोऱ्यातच सांगितलं.

"नऊच थर दिसतात."

"मशीन बिघडलं असेल."

त्यांनी दुसऱ्या भिंतीवर लावलं, मग खिडकीखाली, मग दाराजवळ. सगळीकडं नऊ. शहाण्णवचा होता, सत्त्याण्णवचा होता, मग एकदम दोन हजार एकचा. अशा मध्ये मध्ये पोकळ्या.

"बाकीचे चौदा कुठं गेले मग?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या.

"जातील कुठं? मी खरवडून काढले. घट्ट बसलेले तेवढे राहिले असतील. जुन्यावर नवा रंग चढवला की पोपडे येतात. मी अर्धवट काम कधी केलं नाही."

"पाणी मारून खरवडायचात, की कोरडं?"

"कोरडंच. भिंत ओली असली तर काचपेपर चालतो का?"

"आणि मुलं तेव्हा कुठं असायची?"

"मे महिन्यात निम्मी आजोळी जायची. बाकीची इथंच, कोपऱ्यात झोपलेली. मी हळूच काम करायचे, त्यांची झोप मोडू नये म्हणून."

कोरेबाईंनी यंत्र खाली ठेवलं आणि माझ्यासमोर चटईवर बसल्या. "कायद्याची हद्द दहा लाखात नव्वद भागांची आहे. तुमच्या पिवळ्यात एकतीस हजार भाग आहेत. तो भिंतीवरच राहिला असता तर इतकं वाईट नव्हतं, मावशी. पण चौदा थर भिंतीवर नाहीत. त्यांची पूड झाली. ती हवेत उडाली, जमिनीवर बसली, रांगणाऱ्या मुलांच्या तळव्यांना लागली, आणि तळवे तोंडात गेले."

"मी लगेच झाडून घ्यायचे हो."

"कोरड्या केरसुणीनं?"

"कोरड्याच."

मग त्यांनी मला कलम नऊ सांगितलं. ते कुरणेनं सांगितलंच नव्हतं. थरांची सालं कळायला लागली तसं सरकारनं ते कलम घातलं. वाचन नोंदवलं की विकणाऱ्यानं नुसतं घेणाऱ्याला सांगून भागत नाही. त्या सालांत सहा वर्षांच्या आतलं जे जे मूल त्या घरात वाढलं, त्या प्रत्येकाला स्वतः कळवायचं आणि त्याची सही घ्यायची. मूल आज कितीही मोठं झालेलं असो.

"आता सांगून काय उपयोग? ती पोरं चाळिशीला आली."

"उपयोग आहे. हाडांना शिसं आणि कॅल्शियम यातला फरक कळत नाही. लहानपणी पोटात गेलेलं शिसं हाडं कॅल्शियम समजून साठवून ठेवतात, वीस-तीस वर्षं. माणसाला पत्ताही नसतो. पण बाई गरोदर राहिली की बाळाला कॅल्शियम द्यायला हाडं आपला साठा सोडायला लागतात. त्याबरोबर ते शिसं पण सुटतं. रक्तात येतं आणि वारेतून बाळाकडं जातं. बाळाचा मेंदू तेव्हा तयार होत असतो." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "तुमच्या यादीत कुणी गरोदर असेल तर आधी तिला सांगा. वेळेवर कळलं तर औषधोपचारानं बरंच रोखता येतं. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तरी कळायला हवं."

तस्नीमला चौथा लागून आठवडा झाला होता.

जाताना कोरेबाई म्हणाल्या की वाचन नोंदवायचं की पुसायचं हे ठरवायला मला तीन दिवस आहेत. तोवर त्यांचं तोंड बंद. कायद्यात ही फट कुणी ठेवली, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, ज्यांची घरं आहेत त्यांनी.

*

कुरणे तासाभरात हजर झाला. "पुसून टाका, मावशी. कुणाचं काय बिघडतंय? तुमच्या गिऱ्हाइकाला रक्त-लघवी तपासायची लॅब काढायची आहे, तिथं कुठलं पोर रांगणार आहे? नोंदवलंत तर हे घर तुमच्या हयातीत विकलं जायचं नाही. साताऱ्याची खोली पण गेली म्हणून समजा."

तो वाईट माणूस नाही. त्यानं माझ्या भल्याचंच सांगितलं, आणि तेच मला नको होतं.

तो गेल्यावर मी भिंतीकडं बघत बसले. मे महिन्यात निम्मी पोरं आजोळी जायची असं मी कोरेबाईंना सांगितलं होतं. पण शमीम सिस्टरला मे महिन्यात रजा कधी मिळाली नाही. नवरा आखातात, माहेर-सासर दोन्ही दूर. म्हणजे तस्नीम प्रत्येक मे महिन्यात माझ्याकडंच होती. आणि ती झोपायची पण नाही. तीन-चार वर्षांची झाल्यावर माझ्या मागं मागं असायची, मला पण दे, मला पण दे. मग मी तिला काचपेपरचा एक तुकडा फाडून द्यायचे. ती खाली बसून तिच्या उंचीएवढी भिंत घासायची, जीव लावून. पिवळी पूड तिच्या भुवयांवर बसायची. मी हसायचे. तिला फुंकर मारायचे.

हे मी कोरेबाईंना सांगितलं नव्हतं. हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि आणखी एक. तस्नीमला पाढे येत नसत. पाचचा पाढा शिकवताना माझा घसा बसायचा. आज पाठ केलं की उद्या कोरं. एका जागी बसणं नाही, सांगितलेलं ध्यानात राहणं नाही. मी तिच्या हातावर पट्टी मारली आहे. मठ्ठ म्हटलं आहे, एकदा नव्हे, कितीदा तरी, आणि तिच्या आईसमोर. शाळेत पण तेच झालं. दहावीला तीनदा बसली. मोठी झाल्यावर तीच हसून सांगायची, "माझं डोकं जन्मापासूनच बंद आहे, मावशी. बरं झालं शिवणकाम आलं." मी पण हसायचे तिच्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी मी पळवाट काढून बघितली. तिला फोन केला आणि इकडचं तिकडचं बोलून म्हटलं, "रक्तातलं शिसं तपासून घे गं एकदा. गरोदरपणात घ्यावं म्हणतात."

"डॉक्टरांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "लहानपणी बॅटरीच्या कारखान्याजवळ राहायचात का, जुन्या रंगाच्या घरात वाढलात का. मी म्हटलं नाही हो, आमच्या मावशीचं घर म्हणजे लख्ख. मग म्हणाल्या, गरज नाही."

"तरी पण घे."

"मावशी, तू दिवसभर व्हिडिओ बघत बसतेस ना? मला भीती नको घालूस." आणि हसली. "तू कधी येतेस ते सांग. तुझ्या गुडघ्यांसाठी खाली कमोड बसवून घेतलाय मी."

मला त्या खोलीत जायचं होतं. कुणी माझ्या गुडघ्यांचा विचार करतंय, अशा जागी मला मरायचं होतं. त्यात माझी काय चूक? मी फोन ठेवून खूप वेळ हाच विचार करत होते, आणि लाज वाटत होती तरी करत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कोरेबाईंना कळवलं की वाचन नोंदवा. साताऱ्याला जायच्या आधी सही करून टाकली. नाहीतर तिचं तोंड बघून मी काहीतरी दुसरंच बोलून परत आले असते, मी मला ओळखते.

*

साताऱ्याची एसटी आता ड्रायव्हरशिवाय चालते. पूर्वी निदान ड्रायव्हरशी भांडता तरी यायचं. तीन तास मी वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते.

तस्नीमनं मला बघितलं आणि दुकानातली कात्री टाकून बाहेर आली. पोट नुकतं दिसायला लागलं होतं. आधी खोली बघ म्हणाली. मी म्हटलं, आधी बस. ती बसली नाही, मला हाताला धरून खाली घेऊन गेली. खोली झाडून पुसून ठेवलेली, खिडकीला पडदा तिनंच शिवलेला. एक बुटका पलंग. त्या पलंगावर मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. मशीन, नऊ थर, चौदा थर. हाडांचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. काचपेपरचा तुकडा पण सांगितला. कागदात तो नव्हता, कायद्यानं मागितला नव्हता, पण मी सांगितला.

ती ऐकत होती. आधी तिनं पोटावर हात ठेवला. मग लगेच फोन उचलून डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला, दुपारची वेळ घेतली, कारण सांगितलं. आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवला आणि मग माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे मी मठ्ठ नव्हते?"

याचं उत्तर मी एसटीत तयार केलं नव्हतं.

"सांगता येत नाही, बाळा. कोरेबाई म्हणाल्या, शंभर पोरं एकत्र बघितली तर फरक दिसतो. एका पोराबद्दल कुणालाच सांगता येत नाही. कदाचित तू तशीच असतीस. कदाचित नसतीस."

"अम्मीनं मला कुठं कुठं नेलं माहीत आहे? ताईत बांधले. ट्यूशन लावली. ड्युटी करून आली की माझ्यासोबत रात्री गणितं सोडवायची आणि रडायची. वर्गात उभं करायचे मला. मी तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा तुझ्याकडंच आले होते. तू काय म्हणालीस आठवतं?"

मला आठवत होतं. मी म्हटलं होतं, जाऊ दे, प्रत्येकाला देवानं डोकं सारखं दिलेलं नसतं.

"तस्नीम, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत नव्हतं, ते मला कळतंय." तिनं फॉर्म ओढून घेतला आणि सही केली. मला माहिती मिळाली, असं तिथं लिहिलेलं असतं, त्याच्याखाली. "पण तुम्ही मला तेव्हा मठ्ठ कशाला म्हणालात? ते तर रंगात नव्हतं ना?"

मी सही झालेला फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. एवढंच हातात होतं.

"तुम्ही जा आता, मावशी. मला डॉक्टरकडं जायचं आहे." एसटी स्टँडपर्यंत सोडायला तिनं नवऱ्याला पाठवलं. तो बिचारा वाटेत मला पाण्याची बाटली घेऊन देत होता आणि नजर चुकवत होता.

*

रविवार आला आणि गेला. पुढचाही गेला. लॅबवाल्यानं घर नको म्हणून कळवलं. कुरणेनं नंतर फोन उचलला नाही.

पंधरा दिवसांनी शमीम सिस्टरचा फोन आला. "मालनताई, रिपोर्ट आला. रक्तातलं शिसं वाढलेलं आहे, पण डॉक्टर म्हणाल्या, वेळेत सापडलं. कॅल्शियमचा जास्तीचा डोस, लोह, दर आठवड्याला तपासणी. हाडं साठा कमी सोडतील. बाळ नीट वाढतंय. आणखी दोन महिने गेले असते तर अवघड होतं म्हणाल्या."

मी विचारलं, "तिनं फोन करायला सांगितलं का?"

"नाही. तिला माहीत नाही मी केलाय." "मी तुम्हाला काय बोलू, तेच मला कळत नाही, ताई. मी सिस्टर होते. रोज तुमच्या दारात यायचे आणि म्हणायचे, काय स्वच्छ घर आहे. मला पण नाही कळलं. तुम्ही सांगितलंत म्हणून पोरगी वाचतेय, आणि तुमच्यामुळंच... जाऊ दे. तब्येतीला जपा." असं म्हणून तिनं फोन ठेवला. तो शेवटचाच असावा, असं मला वाटलं, आणि अजून तरी तसंच आहे.

मग मी पाळणाघराची हजेरीवही काढली. कलम नऊप्रमाणं एकसष्ट नावं निघाली. तस्नीम सोडून साठ. त्यात बावीस मुली, कुणी गरोदर असेल, कुणी होईल. आधी मुलींना, मग मुलांना, असं ठरवलं आणि रोज सकाळी एक, असे फोन सुरू केले. जास्त झेपत नाहीत.

मुलींच्या बावीस फोनांत एकीनं शिव्या दिल्या. एकीनं वकिलाचं नाव सांगितलं. बऱ्याच जणी शांतपणे ऐकतात, आभार मानतात, सही पाठवतात, आणि मग दिवाळीच्या मेसेजच्या यादीतून माझं नाव काढून टाकत असणार. सातजणींनी रक्त तपासून घेतलं आणि एकीचं वाढलेलं निघालं, हे मला कोरेबाईंकडून कळलं. त्या मुलीनं मला कळवलं नाही, आणि तिनं कळवावं असं माझं म्हणणं पण नाही.

काल मुलांची नावं सुरू झाली. पहिला ऋतुराज खाडे. आता अडतीस वर्षांचा आहे, नागपूरला असतो, नंबर त्याच्या आईकडून मिळवला.

"कोण? मालनमावशी? खरंच तूच आहेस?" तो बोलतच सुटला. बायकोला हाक मारली, अगं, ज्या मावशीचं सांगतो ना तीच. माझ्या हातची चिंचेची आमटी त्याला आठवत होती. मी गोधडीच्या आत शिरून वाघ व्हायचे ते आठवत होतं, मी तर विसरून गेले होते. लहानपणीचं सुख म्हटलं की तुझं घरच डोळ्यांसमोर येतं, असं म्हणाला. माझ्याशी इतक्या आनंदानं किती वर्षांत कुणी बोललं नव्हतं. मी त्याला थांबवलं नाही.

शेवटी त्यानंच विचारलं, "पण मावशी, आज एकदम कशी आठवण काढलीस?"

फॉर्म माझ्यासमोर होता. सांगितल्यावर आवाज कसा बदलतो, ते मला आता पाठ झालं आहे.

"सांगते," मी म्हटलं. "आधी तुझी पोरं काय करतात ते सांग."

आणि तो पुन्हा हसत हसत सांगायला लागला.